पत्र्याच्या पेटीतली सात पुस्तकं: बडोद्याच्या वाचन मंडळांसाठी एक उपयोगी, पण अर्धवट सोय

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या बडोद्याच्या जुन्या मराठी वस्तीत घरोघरची वाचन मंडळं अजून चालतात. त्यांच्यासाठी शहरातल्या एका मराठी ग्रंथालयाने पुस्तकांची अख्खी पेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. पेटीचा विषय एकच: जुन्या मराठी साहित्यातली बाई आणि तिच्यावरची दडपणूक. सात पुस्तकं, प्रत्येकाच्या तीन प्रती, म्हणजे एकूण २१ नग, सोबत २४ पानांची मार्गदर्शिका आणि देवाणघेवाणीची वही. भाडं ६० दिवसांचं ६०० रुपये, अनामत १५०० रुपये. एकदा १५ दिवसांची मुदतवाढ मिळते, तिचे १५० वेगळे. निवाडा आधीच सांगायचा तर पुस्तकांना पाचपैकी साडेचार तारे, मार्गदर्शिकेला दोन. हे दोन का, ते सविस्तर सांगायला हवं, कारण पेटी घेणारी बहुतेक मंडळं पुस्तकांआधी मार्गदर्शिकाच उघडतात.

बडोद्याला पेटी नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्याही होत्या. आताची पेटी पत्र्याची आहे आणि तिथेच पहिली खोट. पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम सुटतो, पुठ्ठ्याच्या बांधणीची पुस्तकं कडेने फुगतात आणि डिंकाने चिकटवलेला कणा सुटतो. तळाशी जाड ब्राउन पेपरचे दोन थर घाला, पुस्तकं उभी ठेवा, आडवी रचू नका, आणि पेटी भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत. वास पानांत मुरतो आणि मोठ्याने वाचणाऱ्याचा घसा धरतो. भरलेल्या पेटीचं वजन दहा किलोच्या आसपास आहे, घरपोच सोय नाही, रिक्षाच करावी लागते. जिना असेल तर दोघं हवीत. कड्या नुसत्या वळवलेल्या तारेच्या आहेत.

आत काय आहे? बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' (१८५७), ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२), हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?', गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' (१८९९), रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', जी १९३४ पासून भागाभागाने आली. निवड जाणकाराची आहे. चार बायकांची, तीन पुरुषांची, आणि त्यांत कादंबरी, नाटक, निबंध, कथा, आठवणी असे वेगवेगळे घाट. पहिल्या कादंबरीपासून नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या कथांपर्यंत पाऊणशे वर्षांचा पट त्यात येतो.

गणित मात्र जमवावं लागतं. बारा जणांचं मंडळ, तीन प्रती, साठ दिवस: एका पुस्तकाला माणशी १५ दिवस मिळतात, तेही फक्त तेवढंच पुस्तक वाचायचं असेल तर. आपट्यांची कादंबरी पेटीतल्या प्रतीत साडेचारशेच्या आसपास पानांची आहे, म्हणजे रोज तीस पानं. घरकाम आणि नोकरी सांभाळून इतकं कोणी वाचत नाही. दर वेळी हेच होतं: पहिल्या महिन्यात तीन प्रती तीन घरांत अडकतात, बाकीचे नऊ जण ताराबाई आणि 'शारदा' वाचून मोकळे होतात, आणि चर्चेच्या दिवशी कादंबरी पुरी केलेली माणसं चारच निघतात. उपाय सोपा आहे आणि कायदेशीरही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. आपटे १९१९ साली गेले, त्यांचा मूळ मजकूर केव्हाच मुक्त झाला आहे. संपादकाची प्रस्तावना आणि टिपा सोडून कादंबरीच्या पानांच्या झेरॉक्स काढा, दहा-दहा प्रकरणांच्या जुड्या बांधा आणि फिरवा. 'कळ्यांचे निःश्वास'ला हा उपाय लावू नका. विभावरी शिरूरकर म्हणजे मालती बेडेकर २००१ साली निवर्तल्या, त्यांच्या मजकुराचे हक्क अजून शाबूत आहेत.

आता प्रतींविषयी. सातपैकी चार पुस्तकांची छपाई जुन्या वळणाची, तीन नव्या शुद्धलेखनात आणलेली. हा फरक किरकोळ वाटतो, पण या विषयावरच्या पुस्तकांत तो किरकोळ नाही. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधी 'ती' म्हणजे एक बाई आणि 'तीं' म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन. मराठीत नवरा-बायको मिळून बोलायचं तर नपुंसकलिंगच येतं: 'तीं दोघें आलीं'. मुलं आली तरी 'तीं आलीं'. अनुस्वार काढला की 'ती आली' उरतं, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की एकटी बाई आली, जोडपं आलं की पोरं आली. मागचापुढचा संदर्भ असला तर निभावतं. पण संभाषण तुटक असेल, बाई एकटी बाहेर पडली की कुणाबरोबर, यावरच प्रसंग उभा असेल, तर घोटाळा होतो. तसंच 'मीं' म्हणजे 'माझ्याकडून' आणि 'मी' म्हणजे नुसता कर्ता. जुनी प्रत हातात आली तर अनुस्वार पाहून कंटाळू नका, तो लिंग आणि वचन सांगतो आहे. मार्गदर्शिकेत या विषयी चार ओळी असत्या तरी पुरल्या असत्या. त्या नाहीत.

मार्गदर्शिकेचा शब्दार्थ हा सगळ्यांत कच्चा भाग. बडोद्यात तो जास्तच नीट हवा होता, कारण इथली तरुण मराठी मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेली असतात. घरची मराठी त्यांना येते, पण शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्याच्या माजघरातली येत नाही. तीन चुका तर ठळकच आहेत.

'आलवण' याचा अर्थ दिला आहे 'विधवेची पांढरी साडी'. पांढरा रंग हिंदी सिनेमातून आणि गुजराती घरांतून आला. आलवण तांबडं असतं, जाडंभरडं, तांबूस रंगाचं लुगडं. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला तेच नेसावं लागे आणि तोच पदर डोक्यावरून ओढावा लागे. हा रंग डोळ्यांपुढे नसेल तर गर्दीत ती बाई दुरूनच ओळखू येते म्हणजे काय, हे उमजत नाही.

'मामंजी' म्हणजे 'मामा' असं छापलं आहे. मामंजी म्हणजे सासरे, आणि सासऱ्यांच्या बरोबरीचे सासरचे वडीलधारे. आपट्यांच्या कादंबरीत नायिका यमूच्या वाट्याला जे शंकरमामंजी येतात ते मामा समजून वाचले तर अख्ख्या घराची सत्ता कुणाच्या हातात आहे तेच उलटं होतं. मामा माहेरचा, सासरा सासरचा. मराठी गोष्टीत ही सीमारेषा ओलांडली की अर्थ हरवलाच. याच यादीत 'वन्सं' आणि 'भावजी' नाहीतच. वन्सं म्हणजे नणंद, भावजी म्हणजे दीर, एवढं पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहून टाका.

तिसरी चूक म्हणजे एक गाळलेली जागा, आणि तीच सगळ्यांत महाग पडते. 'इकडे', 'इकडून', 'तिकडून', 'स्वारी' या शब्दांचा उल्लेखच नाही. बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, त्याला उद्देशून सर्वनामही वापरत नसे, म्हणून दिशाच माणूस झाली. 'इकडून सांगणं झालं' म्हणजे नवऱ्याने सांगितलं. वाक्यातून कर्ता गेला, क्रियापद भाववाचक झालं आणि माणसाऐवजी एक दिशा उरली. नव्या वाचकाला वाटतं कुणीतरी कुठून तरी आलं. मोठ्याने वाचताना तर हमखास अडखळायला होतं, आणि मग मंडळी म्हणतात की पुस्तक जड आहे. पुस्तक जड नाही, ही चावी दिली की पाच पानांत सवय होते.

रमाबाईंच्या आठवणींत तर त्याहून पुढची गोष्ट आहे. त्या न्यायमूर्ती रानड्यांना नावाने कुठे संबोधत नाहीत, 'स्वतः' म्हणतात. म्हणजे 'स्वतः आले', 'स्वतःला आवडलं'. या पुस्तकाच्या एका इंग्रजी भाषांतराचं नावच त्यावरून 'हिमसेल्फ' असं पडलं. मराठीत 'स्वतः' हा शब्द वाक्यातल्या कर्त्याकडे वळतो, आणि इथे तो नवऱ्याकडे वळला आहे: लिहिणारीला स्वतःसाठी राखून ठेवायला तो शब्द उरलाच नाही. लग्न झालं १८७३ साली, तेव्हा त्या ११ वर्षांच्या आणि रानडे ३१ वर्षांचे, पहिली पत्नी गेलेले. पुस्तक वाचताना छळ कोण करतं तेही बघा. शिकवणारा नवरा आहे, आणि शिकते म्हणून टोमणे मारणाऱ्या, वाळीत टाकणाऱ्या घरातल्याच वडीलधाऱ्या बायका आहेत. मार्गदर्शिका या पुस्तकाला 'सुधारक पतीच्या प्रेरणेची कहाणी' म्हणून निकालात काढते. पुढे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' उघडली की नवरा सरळ 'टिळक' होतो. पंचवीस वर्षांत 'स्वतः'चा 'टिळक' झाला. या एका बदलावर अख्खी बैठक रंगते, आणि तयारी काहीच लागत नाही: दोन्ही पुस्तकांतली नवऱ्याचा पहिला उल्लेख असलेली दोन-दोन पानं ओळीने वाचायची.

'स्त्रीपुरुषतुलना' ही पेटीतली सर्वांत लहान आणि सर्वांत धारदार वस्तू. गुजरातमध्ये राहणाऱ्या वाचकाने ती आधी वाचावी, कारण तिचं निमित्त सुरतेचं आहे. १८८१ साली सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपलं नवजात मूल मारल्याचा खटला चालला, फाशी सुनावली गेली, आणि अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी तिच्यावरून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं, आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी कलम उचललं. त्या विजयालक्ष्मीची वकिली करत बसत नाहीत. बायकांवर जे जे दुर्गुण लादले जातात ते एकेक घेऊन पुरुषांच्या गळ्यात घालतात. सावित्रीने यमाच्या हातून नवरा सोडवून आणला, मग बायकोसाठी यमाकडे गेलेला नवरा कुठे आहे? नवरा मेला की बाईचं डोकं बोडकं, मग बायको मेली की पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये? तो तर दहाव्या दिवशी नवी घेऊन येतो. वादाची पद्धत अशी. आणखी एक गोष्ट हिच्यात आहे जी त्या काळात दुसरीकडे क्वचित दिसते: ताराबाई पुराणातल्या पतिव्रता आणि त्या वेळच्या कथा-नाटकांतल्या बायका यांनाही धारेवर धरतात, म्हणजे ही समाजावरची टीका जितकी, तितकीच साहित्यावरचीही. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' पुस्तिकेतून तिची पाठराखण केली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

वाचायची रीत: परिच्छेद लांब, वाक्यं त्याहून लांब, मधेच म्हणी, मधेच शिव्या. एकटं डोळ्यांनी वाचलं तर दमछाक होते. मोठ्याने वाचा, भांडणाच्या सुरात, दहा मिनिटांनी वाचणारी बदला. ओवी-कीर्तनाच्या सुरात वाचलं तर सगळं मातीत जातं. पेटीतल्या तीन प्रतींपैकी एकीत टिपा आहेत, दोघींत नाहीत. टिपांची प्रत वाचणारीजवळ ठेवा.

मार्गदर्शिकेत एक विधान आहे की त्या काळी 'हिंदू विधवेला पुनर्विवाहाला बंदी होती'. हे वाक्य खोडून टाका. १८५६ च्या १५ व्या कायद्याने विधवाविवाह कायदेशीर झालाच होता. आणि ब्राह्मण व उच्च म्हणवणाऱ्या जाती सोडल्या तर कितीतरी जातींत पाट किंवा मोहतूर, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आधीपासून रूढ होता. गुजरातीत नातरं म्हणतात तेच. बडोद्यातल्या बैठकीत 'नातरं' शब्द उच्चारला की शेजारच्या गुजराती मैत्रिणीलाही लगेच कळतं, पाच मिनिटांचं व्याख्यान वाचतं. गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. ताराबाईंची चीडही इथेच समजते: वरच्या जातींचं पाहून ज्या घराण्यांनी पाट बंद केला त्यांत त्यांच्या भोवतालचे मराठेही होते. बंदी सर्वांवर सारखीच होती असं मानलं की जात नावाची गोष्ट चर्चेतून अलगद निसटते.

'शारदा' मंडळांना सर्वांत सोपं जातं, आणि त्यामुळे वरवर वाचलं जातं. पहिला प्रयोग १८९९ साली इंदुरात झाला. भुजंगनाथ पंच्याहत्तरीचा, 'पाऊणशे वयमान', आणि शारदेचा बाप कांचनभट पैशांसाठी पोरगी त्याला द्यायला निघालेला. लोक हसतात, पदं गुणगुणतात आणि पुढे जातात. थांबायची जागा शेवटाला आहे. लग्न मोडतं कशामुळे? वधू लहान म्हणून नव्हे, वर म्हातारा म्हणून नव्हे, तिची संमती नाही म्हणूनही नव्हे. सगोत्र निघालं म्हणून मोडतं. म्हणजे मुलगी वाचते ती शास्त्राच्या एका तांत्रिक अडचणीने. देवलांची ही शक्कल होती, की त्या वेळी रंगमंचावर दुसरी कोणतीच पळवाट पटली नसती, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. वाचताना भूमिका वाटून घ्या, पण शारदेचं काम एखाद्या पुरुषाला द्या. तेव्हा ते पुरुषच करत, आणि बाईच्या दुःखाची भाषा पुरुषाच्या तोंडून कशी ऐकू येते हे कळतं.

इथे मार्गदर्शिकेने एक सर्रास ऐकू येणारी गोष्ट पुन्हा छापली आहे: 'या नाटकावरून शारदा कायदा आला'. नाही. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. मराठीत सारडाचं शारदा झालं आणि नाटक डोळ्यांपुढे असल्याने ते सगळ्यांना पटलं. त्या कायद्याने मुलीला १४ आणि मुलाला १८ ही वयं ठरवली. आणि बडोद्याच्या मंडळाला हे हमखास सांगा की इथल्या संस्थानात बालविवाहाविरुद्ध कायदा १९०४ सालीच झाला होता, मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १६. आपल्या शहराची ही बाजू बडोद्यात बसून छापलेल्या पुस्तिकेत नसावी, हे जरा नवलच.

आपट्यांच्या कादंबरीला कायद्याचा काळ जोडून वाचलं तर जास्त उमगतं. ती आपट्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात १८९० पासून येत होती, आणि १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली. बारा. हा आकडा मनात ठेवून यमूच्या सासरच्या प्रकरणांकडे या. पुरुषाने बाईच्या तोंडून लिहिलेली ही आत्मकथा आहे, आणि रमाबाईंच्या आठवणींशेजारी ठेवली की दोन गोष्टी दिसतात: आपट्यांना माजघरातले बारकावे थक्क व्हावं इतके ठाऊक होते, आणि यमूला जितकं स्पष्ट रागावता येतं तितकं रमाबाईंना कधी येत नाही. खरी बाई जपून लिहिते, कादंबरीतली बाई मोकळेपणी लिहिते. एक व्यावहारिक सूचना: 'यमुनापर्यटन'ची नायिकाही यमुनाच. नोंदवहीत 'पदमनजींची' आणि 'आपट्यांची' असं लिहा, नाहीतर चर्चेत दोघी मिसळतात. पहिली नवऱ्याबरोबर प्रवास करत विधवांच्या कहाण्या ऐकते, स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. दुसरीला तसली वाट लाभत नाही, तिचं केशवपन जबरदस्तीने होतं. पदमनजींचं पुस्तक गोष्ट म्हणून विस्कळीत आहे आणि मधेमधे प्रवचनही देतं. सगळं वाचायला लावू नका, विधवांच्या कहाण्या निवडून घ्या.

'स्मृतिचित्रे' पेटीतलं सर्वांचं लाडकं पुस्तक ठरतं, हे अपेक्षितच. वाक्यं छोटी, विनोद जागच्या जागी, त्यामुळे म्हाताऱ्या आणि मुली दोघींना झेपतं. नवऱ्याने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं म्हणजे नवरा जिवंत असूनही सासर-माहेर दोन्हीकडे परकी झालेल्या बाईची वर्षं. बैठक ठेवायची तर याच पाच वर्षांवर ठेवा. 'कळ्यांचे निःश्वास' शेवटी वाचा. शिकलेल्या, मिळवत्या, आणि म्हणूनच लग्नाच्या बाजारात अडकलेल्या मुलींच्या कथा आहेत. टोपणनावामागे कोण आहे हा प्रश्न तेव्हा इतका गाजला की कथांपेक्षा नावावरच जास्त बोललं गेलं. मंडळातही तसंच होतं, ते टाळा.

पेटीतली खरी उणीव दुसरीच आहे. ताराबाई आणि पदमनजी सोडले तर पाचही पुस्तकं ब्राह्मण घरांतली. दडपणूक म्हणजे केशवपन आणि सोवळं-ओवळं एवढाच समज घेऊन मंडळ उठतं. पेटी १८५७ पासून सुरू होते. दोनच वर्षं मागे गेली असती तर १८५५ च्या 'ज्ञानोदय' नियतकालिकात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध सापडला असता. चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी, आणि ती विचारते ते वेगळंच: आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं. काही पानांचा मजकूर आहे, हक्कमुक्त आहे, झेरॉक्स करून पेटीत टाका. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६) कुणी स्वतःहून आणलं तर आणखी उत्तम, मग आलवणाच्या शेजारी घोंगडंही येतं.

मार्गदर्शिकेतले प्रश्न 'बालविवाहाचे दुष्परिणाम सांगा' या धर्तीचे, दहावीच्या पेपरातले. उत्तर आधीच ठाऊक असतं, बैठक वीस मिनिटांत संपते. त्यांच्या जागी मोजता येणारे प्रश्न चालतात. या प्रकरणात बाई किती वेळा घराबाहेर पडली? ओटीवर किती वेळा आली? तिच्या हातात पैसे कधी दिसले? तिला नावाने कोण हाक मारतं? पेन्सिलने समासात खूण करत वाचलं तरी पुरतं, पण ग्रंथालयाच्या प्रतीवर नाही, चिठ्ठ्या वापरा.

वेळ निवडताना नवरात्र आणि गणपती टाळा. नऊ रात्री गरब्यात गेल्या की सकाळी कोणी आपटे वाचत नाही, आणि साठपैकी वीस दिवस वाया गेले तरी भाडं तेवढंच. दिवाळीनंतर घ्या. संक्रांतीला मध्ये सुट्टी आली तरी थंडीत पुस्तकंही कोरडी राहतात.

घेताना नोंदणी अर्जावर दोन सभासदांच्या सह्या आणि निवासाचा पुरावा लागतो. त्यानंतर काउंटरवर वही आणि पुस्तकं ताडून घ्यायची असतात आणि इथे घाई करू नका. प्रत्येक प्रतीचं पहिलं आणि शेवटचं पान, कणा, आणि मधली एक जुडी उघडून बघा. 'शारदा'च्या तीन प्रतींपैकी एकीत पदांची चार पानं सुटलेली आहेत, आपट्यांच्या एका प्रतीचा कणा सेलोटेपने धरलेला आहे. वहीत तिथल्या तिथे लिहून काउंटरवरच्या माणसाची सही घ्या. न लिहिलेलं नुकसान परतीच्या वेळी अनामतीतून कापतात, प्रतीमागे ५० रुपये, आणि तेव्हा वाद घालून उपयोग होत नाही.